आर्लिस ट्वेट आणि तिसरं ‘नको’

हेगडालमध्ये कुणाच्या घराला आग लागली आणि शेजारी बादली घेऊन धावत आला, तर घरमालक आधी म्हणेल, "छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता!" शेजारी पुन्हा विचारेल. मालक म्हणेल, "तुमची जेवायची वेळ झाली असेल हो." तिसऱ्यांदा विचारलं की म्हणेल, "बरं, आता आलाच आहात तर ओता थोडं." तोवर छप्पर खाली आलेलं असतं. मी तिखटमीठ लावून सांगतेय असं वाटत असेल, तर मिनेसोटातल्या या आमच्या गावात एक हिवाळा काढून बघा. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं संकोच म्हणून, आणि तिसऱ्या खेपेला तोंडातून जे निघेल तेच खरं. तिसऱ्यांदाही ‘नको’ आलं तर विषय संपला. चौथ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं.

मी इथे लग्न करून आले तेव्हा मला वाटलं होतं, आग्रहाच्या बाबतीत आपला हात कुणी धरणार नाही. पंगतीत जिलबी वाढणाऱ्या काकांना चुकवत मोठी झालेली मी. पण इथल्या लोकांनी मला पहिल्याच आठवड्यात चीत केलं. आर्लिसनं मला तिच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर काम देऊ केलं आणि मी लगेच म्हणाले, "हो." बिचारी इतकी गडबडली की उरलेल्या दोन वेळा तिनं तरीही विचारलं. मंदाची मँडी झाले ती तेव्हापासून.

आर्लिस उंच, हाडकुळी, बारा महिने स्वेटरमध्ये. चष्मा साखळीनं गळ्यात, आणि आवाज इतका हलका की तिच्याशी बोलताना आपणच आवाज खाली आणतो. गावात कुणाचं रक्त पातळ, कुणाची साखर वर, कुणाचं पोट साफ नाही, सगळं तिला ठाऊक, आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर पडलेलं नाही. नवरा होता. तो एका जानेवारीत ऊन खायला ॲरिझोनाला गेला आणि परत यायचं विसरला. आर्लिस त्यावर एवढंच म्हणाली होती, "तिकडे ऊन वाईट नाही म्हणतात." आमच्याकडे ‘वाईट नाही’ म्हणजे प्रशंसेचा कळस. नवरीलाही आम्ही वाईट दिसत नाहीस असंच म्हणतो.

घरी ती आणि तिचे वडील हालवोर. म्हातारा गावातल्या लोण्याच्या कारखान्यात जन्मभर खपलेला, खांदे अजून दरवाजाएवढे. दुकान बंद झालं की दोघं ओसरीवर बसायचे, रेडिओवर बेसबॉलची मॅच लावायचे आणि मॅच सोडून बाकी सगळ्यावर भांडायचे. मी घरी जाताना त्यांच्या ओसरीवरून हसण्याचा आवाज यायचा. आर्लिस एवढ्या मोठ्यानं हसू शकते हे गावात फक्त मला आणि त्यांच्या मांजराला माहीत होतं.

मग हालवोरचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. तो आधी रेडिओ मोठा करू लागला, मग रेडिओच बंद केला. विनोदावर सगळ्यांनंतर हसू लागला, इतरांचे चेहरे बघून. शेवटी संध्याकाळी लवकर झोपायला जाऊ लागला. आर्लिस ओसरीवर एकटी बसायची. एकदा ती मला म्हणाली, "मँडी, बाबा समोर बसलेले असतात आणि मला त्यांची आठवण येते." आर्लिसकडून असं वाक्य म्हणजे भूकंपच. मी तिला कॉफी दिली, आणि तिनं ती पहिल्याच वेळी घेतली, यावरून काय ते समजा.

अशात ती यंत्रं आली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, चष्म्यासारखी रॅकवरून उचलायची कानाची मशिनं. आर्लिसनं खोकल्याच्या औषधांच्या शेजारी सुंदर शेल्फ सजवलं. महिनाभर एकही डबी हलली नाही. गावातल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, "माझे कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

आणि त्याच सुमारास जिल्ह्याच्या दवाखान्यात नवी कानाची डॉक्टर आली. डॉ. कॉन्सेटा लोप्रेस्टी, न्यू जर्सीची. सगळे तिला कॉनी म्हणत, कारण ती आल्या आल्या सगळ्यांना तसं म्हणायला लावत असे. बुटकी, कुरळ्या केसांचा डोंगर, दोन्ही हातांनी बोलणारी. ती दुकानात शिरली, शेल्फ बघितलं आणि तिथेच उभी पेटली.

"हे काय? कानाची मशिनं चॉकलेटसारखी टांगून ठेवलीत?"

"डोकेदुखीची गोळीही टांगलेली आहे," आर्लिस म्हणाली. "बघून देते मी."

"कानात बघितलंय कधी कुणाच्या?"

"तुम्ही बघितलंय कधी, ते लोक काय काय गिळतात?"

कॉनी कंबरेवर हात ठेवून पुढचं काहीतरी जहाल बोलणार होती, पण तेवढ्यात एक म्हातारा कान खाजवत आला. दोन्ही कानांत दिवसरात्र पिपाणी वाजते म्हणत होता. कॉनी त्याला पकडून प्रश्न विचारू लागली, कारखाना, बंदूक, ट्रॅक्टर. आर्लिस औषधं मोजता मोजता हळूच म्हणाली, "गुडघ्यासाठी ॲस्पिरिन मुठीनं खाणं चालू आहे ना अजून?" म्हातारा ओशाळला. कॉनीनं आर्लिसकडे बघितलं, आर्लिसनं गोळ्यांकडे. मूठभर ॲस्पिरिननं कान वाजतात हे दोघींनाही माहीत होतं, पण मूठ कुणाची ते आर्लिसलाच माहीत होतं.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. दर मंगळवारी कॉनी आमच्या दुकानातल्या लस टोचायच्या खोलीत बसू लागली. तिनं आर्लिसला कानात बघायची बॅटरी दिली आणि चार प्रश्न पाठ करून घेतले. दोन्ही कान सारखेच मंदावलेत का? अचानक झालं का? चक्कर येते का? कानातून काही वाहतं का? एकाचंही उत्तर वाकडं आलं की डबी शेल्फवर आणि माणूस कॉनीकडे. हे खेळ नव्हेत. डेलमार नावाचा पोस्टमन एकदा सहज म्हणाला, परवापासून उजव्या कानात बोळा घातल्यासारखं वाटतंय, एक डबी द्या. आर्लिसनं दुकान माझ्यावर टाकलं, त्याला स्वेटरच्या बाहीला धरून गाडीत कोंबलं आणि कॉनीकडे नेलं. त्याच दुपारी औषध सुरू झालं आणि कान वाचला. डेलमार अजून तक्रार करतो की त्या दिवशी त्याला कुणी तीनदा विचारलं नाही.

पण पहिल्या मंगळवारची गंमत सांगायची राहिली. कॉनीनं दिवसभर दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "कान तपासू का?" सगळे म्हणाले, "छे छे, कशाला तुम्हाला त्रास." संध्याकाळी ती पिशवी भरत म्हणाली, "तुमच्या गावाचे कान अमेरिकेत सगळ्यात चांगले दिसतात. मी कशाला येऊ?"

आर्लिसला हसू आवरेना. "अहो, तुम्ही एकदाच विचारलंत!"

"मग किती वेळा विचारायचं? न्यू जर्सीत आम्ही एकदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारलं तर भांडण होतं."

आर्लिसनं तिला खुर्चीत बसवून नकोचं शास्त्र समजावलं. आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये पुरावाच दाखवला. आमच्या गावात चर्चमध्ये सगळे मागच्या बाकांवर बसतात. पुढचे बाक एवढे कोरे की त्यांचं पॉलिश अजून नवं आहे. पुढे बसणं म्हणजे मिरवणं. तेव्हा जो माणूस दरवर्षी एक-एक बाक पुढे सरकतोय, त्याला एकतर मोठं पाप झालंय किंवा ऐकू येत नाहीये. "आणि पापं मला माहीत असतात," आर्लिस म्हणाली, "तेव्हा हे सगळे कानवाले."

कॉनीनं बाक बघितले आणि तिचे डोळे लकाकले.

मग आम्ही काम वाटून घेतलं. पहिलं विचारणं माझं, गल्ल्यावर, सुटे पैसे परत देताना. दुसरं आर्लिसचं, रक्तदाबाच्या गोळ्या देताना. तिसरं कॉनीचं, मंगळवारी. माणूस तिच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची दोन नकोंची हौस फिटलेली असायची, आणि तो आपोआप म्हणायचा, "बरं, आता आलोच आहे तर." अरे, मशिनं अशी खपली म्हणता! ज्यांना शेल्फवरची पुरत होती त्यांना ती आर्लिस फोनमधल्या ॲपवरून जुळवून द्यायची. ज्यांना पुरत नव्हती ते कॉनीच्या दवाखान्यात जायचे. गावात कल्लोळ झाला. एक आजी धावत आल्या, माझं घड्याळ बिघडलंय, टिकटिक करतंय. एका नवराबायकोला वीस वर्षांनी एकमेकांचं बोलणं ऐकू आलं आणि ते आठवडाभर बोलेनासे झाले. चर्चमध्ये लोक भराभर मागच्या बाकांवर परतले, आणि पाद्रीसाहेबांना पहिल्यांदाच कळलं की त्यांचं प्रवचन लोक ऐकतायत. पुढच्या रविवारपासून त्यांनी ते आटोपशीर केलं.

एकच माणूस पुढून दुसऱ्या बाकावर घट्ट बसून होता. हालवोर.

आर्लिसनं त्याला विचारलं होतं. आमच्याही आधी, शेल्फ लागलं त्याच दिवशी. तो म्हणाला, नको. थँक्सगिव्हिंगला विचारलं, नको. ख्रिसमसला डबी रंगीत कागदात बांधून समोर ठेवली, वर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाबा, घालून बघाल?’ त्यानं चिठ्ठी वाचली, डबीवरून अंगठा फिरवला, आणि मान हलवून ती परत सरकवली. झालं. तिसरं नको.

"आता नाही विचारता येणार," आर्लिस मला म्हणाली. तिनं कागदाची घडी नीट करून ठेवली होती, पुढच्या वर्षी वापरायला. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! साऱ्या गावाचे कान उघडणारी पोरगी, आणि घरचाच दिवा विझलेला. पण तिसरं नको म्हणजे तिसरं नको. मीही आता इथलीच झालेय.

एप्रिल उजाडला तसा चर्चचा ऑर्गन शिट्टी वाजवू लागला.

मधेच, शांत प्रार्थना चालू असताना, बारीक, उंच, दाताच्या मुळापर्यंत जाणारी ईईईई. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त प्रार्थनेनंतर बाहेर कॉफी पिताना कुणीतरी म्हणायचं, "आज ऑर्गन जरा वेगळा वाटला." चर्चच्या इमारतीची देखभाल हालवोरकडे. लोकांनी त्याला खुणा करून, कागदावर लिहून समजावलं. म्हातारा उठला, बॅटरी घेऊन ऑर्गनच्या मागची फळी काढली आणि डोकं आत घातलं. शिट्टी दुप्पट वाढली. त्यानं डोकं बाहेर काढलं, शिट्टी कमी झाली. पुन्हा घातलं, पुन्हा वाढली. "बघा, इथेच आहे बिघाड!" लोक ओरडले. मिनियापोलिसहून ऑर्गनवाला आला, एकेक नळी पुसून गेला आणि म्हणाला, काही दोष नाही. तो हे सांगत असतानाच शेजारी उभ्या हालवोरच्या दिशेनं ईईईई झालं, आणि ऑर्गनवाला बिचारा पुन्हा नळ्या पुसायला लागला.

त्याचं बिल भागवायला चर्चच्या तळघरात केकचा लिलाव ठरला. आर्लिसनं कॉनीला बोलावलं. तीनदा. कॉनी म्हणाली, "पहिल्यांदाच हो म्हटलं मी! अजून किती बोलावशील?"

लिलावात बोली लावायची तर मान हलवायची. आणि बहिऱ्या माणसाची एक सवय असते, ऐकू आलं नाही की सभ्यपणे मान हलवायची. आलं ना लक्षात? हालवोर पहिल्या रांगेत बसला होता. लिलाववाला त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाला की हा हसून मान डोलवायचा. गाजराचा केक हालवोरचा. चॉकलेटचा हालवोरचा. त्याच्या समोर केक रचत गेले तसा तो जास्तच खूश होऊन माना हलवू लागला, त्याला वाटलं सगळ्यांना वाटतायत. शेवटी स्वतःच्या मुलीचा लिंबाचा केक त्यानं स्वतःवरच चढती बोली लावून घेतला. लोक तोंडात रुमाल कोंबून बसले होते. आर्लिस हसत होती, पण तिचे डोळे वेगळंच सांगत होते, आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात ईईईई.

सगळ्यांनी नेहमीसारखं वर छताकडे बघितलं. कॉनीनं मात्र कपबशी खाली ठेवली.

"ऑर्गन कुठे आहे तुमचा?" तिनं मला विचारलं.

"वर. चर्चमध्ये."

"वाजवतंय कोण?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

"मग तळघरात शिट्टी कशी वाजते? अरे देवा! मँडी, ही शिट्टी मी झोपेतही ओळखेन. मशीन कानात नीट बसलं नाही की त्याचा आवाज बाहेर निघतो आणि परत त्यातच शिरतो. कुणाच्या तरी कानात—" आणि ती आवाजाच्या मागोमाग टेबलांमधून निघाली. केकांच्या डोंगरामागे बसलेल्या हालवोरपाशी येऊन थांबली. त्याच्या पांढऱ्या केसांखाली, कानात, मातकट रंगाचं काहीतरी खुपसलेलं होतं. कॉनीनं तोंड उघडलं. आर्लिसनं दिवसभरात पहिल्यांदा चपळाई केली, तिला दंडाला धरलं आणि स्वयंपाकघरात ओढून नेलं. मी मागोमाग.

"ते कुठल्यातरी मासिकात बघून पोस्टानं मागवलेलं स्वस्तातलं खेळणं आहे!" कॉनी दबक्या आवाजात ओरडली, म्हणजे गावाच्या हिशेबानं ओरडलीच. "नुसता आवाज मोठा करतं. आणि कानात मळाचं बूच असणार, पैज लावते. त्याशिवाय एवढी शिट्टी नाही. आणि ही शिट्टी इतकी उंच की त्यालाच ऐकू येत नाहीये! साऱ्या गावाला येतेय, त्याला सोडून!"

मला इतकं हसू फुटलं की मी हॉटडिशच्या, म्हणजे इथल्या ओव्हनमधल्या खिचडीच्या, भांड्यावर डोकं टेकलं. ऑर्गनमध्ये डोकं घालणारा हालवोर आठवला. ऑर्गनवाला आठवला. कॉनी हसली, आणि मग बघते तर आर्लिस रडत होती.

"म्हणजे त्यांना हवं होतं," ती म्हणाली. "हवं होतं आणि माझ्याकडून नको होतं."

कॉनीचे हात हवेतच थांबले. मग ती म्हणाली, "मी विचारते. आत्ता. मी न्यू जर्सीची आहे, माझी मोजणी वेगळी."

"नाही. चारचौघांत कळलं की ऑर्गन म्हणजे तेच होते, तर बाबा पुन्हा चर्चमध्ये पाऊल टाकणार नाहीत. आणि तिसरं नको झालंय, कॉनी."

 दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. लिलाव संपला होता. एका बाईनं हालवोरच्या खांद्याला हात लावला आणि टेबलांकडे बोट दाखवलं. म्हातारा ताडकन उठला, बाह्या सरसावल्या आणि दोन टेबलं एकदम उचलून भिंतीकडे निघाला.

कॉनीनं ते बघितलं. "थांब. हा तीनदा नको का नाही म्हणाला?"

"ते तर काम सांगितलं," आर्लिस म्हणाली. "मदत मागितल्यावर नको कसं म्हणतील? नको घेताना म्हणायचं असतं. देताना नाही."

कॉनीनं आर्लिसच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. गेल्या शंभर वर्षांत त्या स्वयंपाकघरात असं काही झालेलं नव्हतं. मग ती बाहेर गेली, हालवोरला उजेडाकडे तोंड करून बसवलं, त्याच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि ती बडबडी बाई एकदम हळू, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. ओरडली नाही. तिचं कसब मला तेव्हा कळलं.

"हालवोर, मला मदत हवी आहे."

त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं. "बोला."

"तुमच्या मुलीच्या शेल्फवरच्या मशिनांवर माझा विश्वास नाही. ती म्हणते चांगली आहेत. मी म्हणते पारखून बघू. पारखायला अनुभवी कान लागतो. द्याल?"

म्हाताऱ्यानं आर्लिसकडे बघितलं, मग कॉनीकडे. ‘छे छे’ नाही, ‘कशाला’ नाही.

"किती वाजता येऊ?" तो म्हणाला.

आर्लिसनं त्याच रात्री बॅटरी लावून कानात बघितलं. कॉनीनं पैज जिंकली होती. चाचणीच्या आधी कान साफ लागतो असं सांगून आर्लिस रोज त्याच्या कानात थेंब घालत होती, आणि तो ‘कामाचा भाग’ म्हणून मान तिरकी करून बसत होता.

मंगळवारी कॉनीनं मळ काढला. मनुकेपेक्षा मोठा, काळाकुट्ट. तिनं तो चिमट्यात धरून दिव्यापाशी नेला. "काय हो हा! अठरा वर्षांचा तरी असेल, मतदानाला जाईल!"

हालवोरनं निरखून बघितलं. "वाईट नाही," तो म्हणाला. बराच अभिमान होता आवाजात.

मग हेडफोन लावून तपासणी झाली. कॉनी कागदावर टिंबं काढत गेली आणि शेवटी पेन्सिल टाकून म्हणाली, "मँडी, शेल्फवरची एक डबी आण. पुरेल! हरले मी!" हरल्याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला बघितला नाही. तिनं मशिनं कानात बसवली, आर्लिसनं फोनवर बोटं फिरवून आवाज जुळवला. 

हालवोर इकडेतिकडे बघू लागला. "तो लसींचा फ्रीज नेहमीच असा कण्हतो?" त्यानं विचारलं. मग स्वेटरची बाही चोळून बघितली आणि तिचा आवाज ऐकला. मग शर्टाच्या खिशातून ते पोस्टानं आलेलं मातकट खेळणं काढलं. "मग हे कसलं होतं?" असं म्हणून त्यानं ते तळहातावर ठेवून चालू केलं आणि मूठ मिटली.

ईईईई.

त्यानं ती शिट्टी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मूठ उघडली. मिटली. ईईईई. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.  मला वाटलं, संपलं, आता हा उठून निघून जाणार.

"ऑर्गन," तो म्हणाला.

त्यानं मूठ पुन्हा एकदा उघडून बघितली.

"मी ऑर्गनमध्ये डोकं घातलं होतं," तो म्हणाला, आणि तो हसायला लागला. आमच्यानंतर नाही, आमचे चेहरे बघून नाही, सगळ्यांच्या आधी. खुर्ची गदगदा हलेपर्यंत हसला. कॉनी जमिनीवर बसली. मी लसींच्या फ्रीजला धरून उभी होते. आणि आर्लिस तिच्या त्या ओसरीवरच्या आवाजात हसत होती, इतक्या मोठ्यानं की बाहेर औषधाला थांबलेला डेलमार आत डोकावला.

पुढच्या रविवारी हालवोरनं उभं राहून जाहीर केलं, की ऑर्गन दुरुस्त झाला आहे. सगळे म्हणाले, वाईट नाही. कसा झाला हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मग तो चालत मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक घरी एकेक केक पोचला.

पण मला सांगायचंय ते त्या मंगळवारच्या संध्याकाळचं. कॉनी गेली होती. मी गल्ला बंद करत होते. हालवोर दाराजवळच्या बाकावर बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकत होता. आर्लिस स्वेटरची बटणं लावत त्याच्यासमोर आली.

"बाबा, तुम्ही मला तीनदा नको म्हणालात."

"हो." त्यानं ते मातकट खेळणं खिशातून पुन्हा बाहेर काढलं. "हे पोस्टाचं आधीच आणलं होतं मी. तू शेल्फ लावायच्या आधी. चाललं नाही. वाटलं, आपलंच संपलंय. मग तू ती डबी आणलीस, रंगीत कागदात." त्यानं कानातलं नवं मशीन चाचपलं. "ती घातली असती आणि तीही चालली नसती, तर तुझं तोंड बघवलं नसतं मला. नको म्हणणं सोपं होतं. मग पुन्हा हे जुनंच खुपसलं कानात."

 आर्लिसनं नुसता त्याच्या कॉलरवरचा केस झटकला. मग तिच्या त्या नेहमीच्या हलक्या आवाजात, ज्यात कुणाला काही ऐकू येत नाही अशी सगळ्या गावाची तक्रार आहे, तिनं विचारलं, "आज मॅच आहे. रेडिओ लावू? बसायचं जरा ओसरीवर?"

"हो," हालवोर म्हणाला.

आर्लिसचं तोंड दुसऱ्यांदा विचारायला उघडलेलंच होतं. "नाही, म्हणजे तुम्ही दमला असाल तर..."

"आर्लिस," तो उठत म्हणाला, "हो म्हटलं ना."

ती दार उघडं धरून तशीच उभी राहिली. हेगडालमध्ये जन्मलेल्या माणसानं पहिल्याच खेपेला हो म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं दुकानाचा दिवा मालवला, किल्ली माझ्या हातात दिली, आणि दोघं भांडत घरी गेले.